दोन सेला लोकर

ताल्मूदच्या ‘शब्बाथ’ या ग्रंथभागात रब्बींनी आईबापांना एक ताकीद दिली आहे : मुलांमध्ये एकाला कधी वेगळे काढू नये. याकोबाने योसेफाला इतरांपेक्षा दोन सेला वजनाची तलम लोकर जास्त दिली, तेवढ्यावरून भावांच्या मनात असूया पेटली आणि अखेर सारे कुळ मिसर देशात जाऊन पोचले, असे ते सांगतात. सेला म्हणजे एक नाणे. म्हणजे लोकर ती किती! कुलपुरुषाची चूक परंपरेने झाकली नाही, हे मला विशेष वाटते.

हा पक्षपात याकोब घरातच शिकला होता. इसहाकाचा जीव थोरल्या एसावावर, रिबकेचा धाकट्या याकोबावर. त्यातून आशीर्वादाची चोरी झाली आणि याकोबाला वीस वर्षे परागंदा व्हावे लागले. तो परतला तेव्हा एसाव धावत आला, त्याने मिठी मारली, मुका घेतला. तोराच्या पोथीत या ‘मुका घेतला’ शब्दावर ठिपके दिलेले असतात. त्यांवरून मिद्राशात वाद आहे. एक रब्बी म्हणतात, मुका मनापासूनचा होता. दुसरे म्हणतात, एसाव चावायलाच आला होता. नुसत्या मिठीवरून समेट झाला असे मानायला सगळे तयार नाहीत.

मग खरा समेट ओळखायचा कसा? बाराव्या शतकातील मायमोनिडीसने पश्चात्तापाची कसोटी सांगितली आहे : तेच पाप करण्याची तशीच संधी पुन्हा यावी, अंगात बळही असावे, आणि तरी माणसाने ते करू नये.

ही कसोटी मी यहूदाला लावून पाहतो. योसेफाला विकण्याची कल्पना त्याचीच. पुढे दुष्काळात भाऊ धान्यासाठी मिसरात येतात. ओळख न देता योसेफ बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला लपवतो आणि त्याला गुलाम म्हणून ठेवून घ्यायचे ठरवतो. बन्यामीन हा राहेलचा दुसरा मुलगा, बापाचा नवा लाडका. बाकीच्यांना घरी जायची मोकळीक आहे. पण लेआचा मुलगा यहूदा पुढे होतो. माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले, हे बापाचे बोल तो स्वतःच बोलून दाखवतो. त्या हिशेबात त्याची आई बायको नाही आणि तो मुलगा नाही. तरीही बन्यामीनऐवजी मला ठेवा, असे तो विनवतो. त्यानंतरच योसेफाला रडू आवरत नाही.

बाप शेवटपर्यंत बदलत नाही. बदलतो तो मुलगा. आईबाप न्यायी होईपर्यंत भावंडांना थांबावे लागत नाही, हे या कथेचे मोल मला वाटते.

तरीही तोरा गोड शेवट करत नाही. त्यानंतर याकोब मिसरात सतरा वर्षे जगला. तो गेल्यावर आता योसेफ सूड घेईल, या भीतीने भावांनी बापाच्या नावाने क्षमेचा निरोप धाडला. तो ऐकून योसेफ पुन्हा रडला.