थंडाईचा दुसरा पेला

महाशिवरात्र आली, की देवगाव रंगारीहून वेरूळच्या घृष्णेश्वराला जायची लगबग सुरू होते. अशात घरातलं कुणीतरी हळूच विचारतंच, "वहिनी, थंडाईत थोडी भांग घोटायची का?"

'थोडी' म्हणजे किती, हाच खरा प्रश्न! बदाम मोजून घालता येतात. भांगेच्या गोळीचा जोर मात्र तिच्या आकारावरून कळत नाही. पानापानांत फरक असतो. त्यातून दूध-तुपात तिचा अंमल चांगलाच उतरतो. गांजा ओढला तर मिनिटांत चढतो, पण पोटात गेलेली भांग अर्धा तास, कधी दोन तासही गप्प बसते. "काहीच झालं नाही की!" म्हणत भावजी दुसरा पेला मागतात, आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, जीव घाबरतो, तोल जातो. सहा-आठ तास हे चालतं. लिंबू चोखून काही ती उतरत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तिला शिवूही नये. दुधातून ती बाळापर्यंत पोचते. पोरांना साधी थंडाई कोणती, भांगेची कोणती, काय कळणार? मूल गुंगलं तर सासूबाई काय म्हणतील हा विचार नको. १०८ ला फोन करा, डॉक्टरांना खरं सांगा.

शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे.

मी तर बदाम, खसखस, बडीशेप, मगज, मिरी भिजवून पाट्यावर वाटते आणि वेलची घालून गार दुधात गाळते. हिचा दुसरा पेला खुशाल मागावा.