हात की अंदाज? गोल्फच्या शेवटच्या फटक्याविषयी

चारकोपमध्ये गोल्फचे मैदान नाही आणि होण्याची शक्यताही नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने इथे घरांसाठी छोटे छोटे भूखंड आखले गेले, आणि अठरा होलच्या मैदानाला सहसा शंभर एकरांहून अधिक जागा लागते. उपनगरांत गोल्फचे नाव काढले की चेंबूरचा १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आठवतो, तोही बहुतेकांना बाहेरून जातायेता दिसलेला. आमच्याकडचा खेळ कॅरम. त्यात चांगल्या खेळाडूला एकच प्रशस्तिपत्र मिळते : ‘याचा हात बसलाय.’

कौशल्य हातात असते ही समजूत फार जुनी आहे. वादक, सुतार, सुगरण, सगळ्यांच्या बाबतीत आपण हाताचेच कौतुक करतो. ही समजूत कितपत खरी, हे तपासायला गोल्फइतका सोयीचा खेळ दुसरा नाही, कारण त्यातल्या शेवटच्या फटक्याची शास्त्रज्ञांनी जितकी मोजमापे घेतली, तितकी फार थोड्या मानवी हालचालींची घेतली असतील. त्या मोजमापांतून निघणारे उत्तर हाताच्या भक्तांना थोडे अडचणीत टाकणारे आहे.

खेळाची तोंडओळख

गोल्फचे बरेचसे फटके दूर मारण्याचे असतात. चेंडू एकदा होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ‘ग्रीन’वर आला, की तो हवेत उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत न्यायचा असतो. या फटक्याला पटिंग म्हणतात आणि त्यासाठीच्या चपट्या तोंडाच्या काठीला पटर. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे होलच्या रुंदीत अडीच चेंडू मावतात. ऐकताना हे सोपे वाटते. लहानपणी मातीत खळगा करून त्यात गोट्या घरंगळवणाऱ्या कोणालाही ते जमेल असे वाटते.

अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांतले आकडे मात्र वेगळे सांगतात. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी तिथल्या लक्षावधी फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास केला. तीन फुटांवरून हे खेळाडू शंभरातले ९६ पट होलमध्ये घालतात. पाच फुटांवरून ७७. आठ फुटांवरून निम्मेच. दहा फुटांवरून ४०, पंधरा फुटांवरून २३ आणि वीस फुटांवरून अवघे १५. आठ फूट म्हणजे आपल्याकडच्या खोलीची एक बाजू. तेवढ्या अंतरावरून जगातले सर्वोत्तम लोक दोनदा मारून एकदा चुकतात.

हाताचा हिशोब

दहा फुटांवरून होलच्या मध्यावर नेम धरला, तर चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे सुमारे एक अंश चुकला तरी चालतो. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढा हा एक अंश. एवढी अचूकता माणसाच्या हातात असते का?

असते. नॉर्वेतील संशोधक यॉन कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अव्वल दर्जाच्या ७१ गोल्फपटूंचे पटिंग मोजले. चेंडू कोणत्या दिशेला सुटेल, हे मुख्यतः पटरचे तोंड आघाताच्या क्षणी कुठे वळलेले आहे यावर ठरते, सुमारे ८० टक्के. काठी कोणत्या मार्गाने आली याचा वाटा त्यामानाने फारच थोडा. महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. केवळ फटक्याच्या दिशेचा विचार केला, तर या खेळाडूंचा हात इतका स्थिर होता की चार मीटरवरून शंभरातले सुमारे ९५ चेंडू होलमध्ये जायला हवेत.

चार मीटर म्हणजे तेरा फूट. ब्रॉडी यांच्या आकड्यांनुसार दहा फुटांवरून चाळीस आणि पंधरा फुटांवरून तेवीस जातात. तेरा फुटांचे उत्तर या दोहोंच्या मध्ये, तिसाच्या आसपास. दोन्ही अभ्यासांतले खेळाडू एकच नाहीत, हे ध्यानात ठेवले तरी ९५ आणि ३० यांतली दरी फार मोठी आहे. हात पंच्याण्णव वेळा बरोबर असतो आणि चेंडू सत्तर वेळा बाहेर राहतो. मग चूक होते कुठे?

वेग आणि होल

पहिले उत्तर वेगाचे. कॅरममध्ये सोंगटी जोरात आली तरी पॉकेट तिला गिळते, कारण पॉकेटमागे बोर्डाची कड उभी असते. गोल्फच्या होलला अशी कड नाही. होलवरून जाताना चेंडू निदान आपल्या त्रिज्येइतका खाली यायला हवा आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ साली हे गणित मांडले. अगदी मध्यावरून जाणारा चेंडूसुद्धा सेकंदाला सुमारे १.६ मीटरपेक्षा वेगाने आला, तर तो होल ओलांडून जातो. चेंडू कडेच्या बाजूने येत असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

याचा अर्थ असा की होलची रुंदी चेंडूच्या वेगावर अवलंबून आहे. दम संपत आलेल्या चेंडूसाठी होल पूर्ण १०८ मिलिमीटरचे असते. वेग वाढत जातो तसे ते आक्रसत जाते आणि शेवटी उरतच नाही. उलट फार हळू मारले तर चेंडू होलपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचलाच तर शेवटच्या क्षणी जमिनीचा बारीकसा उंचवटाही त्याला वाट सोडायला लावतो. नासातून बाहेर पडून पटिंगचा अभ्यास करणारे डेव्ह पेल्झ यांनी यातला सुवर्णमध्य सुचवला : चुकलेला चेंडू होलच्या पुढे सतरा इंचांवर थांबावा, इतका वेग चांगला.

दुसरे म्हणजे उतार. ग्रीन सहसा सपाट नसते. समजा, शंभर फुटांत दोन फूट इतका सौम्य उतार आहे, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. मध्यम वेगाच्या ग्रीनचे ढोबळ गणित केले तर सपाटीवर दहा फूट जाणारा चेंडू त्याच फटक्याने चढावर सुमारे साडेसात फूट जाईल आणि उतारावर पंधरा फुटांच्या पुढे. उतार आडवा असेल तर चेंडू वळतो, आणि किती वळेल हे पुन्हा वेगावरच. जोरात मारला तर कमी वळतो, हळू मारला तर जास्त. म्हणून ‘नेम कुठे धरू’ या प्रश्नाला ‘किती जोरात मारणार’ हे ठरवल्याशिवाय उत्तरच नाही. चांगला पटर आधी वेग ठरवतो, मग रेषा. नवशिका रेषेकडे टक लावून बसतो आणि वेग हातावर सोडून देतो.

दूर्वांची भाषा

तिसरी गोष्ट गवताची. उष्ण प्रदेशांत ग्रीनसाठी जे गवत वापरतात त्याला गोल्फच्या जगात बर्म्युडा म्हणतात. ते नाव परके वाटले तरी गवत घरचेच आहे. ती आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, किंवा तिचे संकरित वाण. हरळी जमिनीलगत पसरते आणि तिची पाती एका बाजूला कललेली असतात. कलाच्या दिशेने चेंडू वेगाने पळतो, विरुद्ध दिशेने अडखळतो, आडवा गेला तर कलाकडे ओढला जातो. उभे राहून पाहिल्यावर गवत चकाकते दिसले, तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली. गडद दिसले, तर आपल्याकडे. सकाळी कापलेले गवत दुपारपर्यंत वाढते आणि ग्रीन मंदावते. पावसाने ते आणखी जड होते. कॅरम खेळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. जुलैतल्या दमट हवेत बोर्ड बसतो, पावडर टाकूनही स्ट्रायकर सरकत नाही, आणि जाणता खेळाडू डाव सुरू होण्याआधी चार फटके मारून बोर्डाचा अंदाज घेतो.

ग्रीनचा वेग मोजायला साधे साधन आहे. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी हौशी गोल्फपटूने १९३५ साली ते तयार केले. खाच असलेली एक पट्टी उचलायची, ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो, आणि तो किती फूट गेला ते मोजायचे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकात ते सुधारून मैदानांना दिले. पण स्पर्धेत खेळाडूला ती पट्टी वापरता येत नाही. त्याला पायांनी, नजरेने आणि आठवणीने तेच काम करावे लागते.

नजर आणि मन

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ साली पटिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चांगल्या खेळाडूंची नजर कमी वेळा हलते आणि फटक्याआधी चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिरावते. चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते. कच्च्या खेळाडूंची नजर चेंडू, काठी आणि होल यांच्यात भिरभिरत राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. निष्णात खेळाडूंना स्वतःच्या फटक्याकडे लक्ष द्यायला सांगितले, की ते बिघडतात. नवशिक्यांना मात्र त्याचा फायदा होतो. दोनदा मास्टर्स जिंकणारे जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांना हाताच्या अनावर झटक्यांनी कारकिर्दीत अनेकदा गाठले. बसलेला हातही उठू शकतो, हे यातून कळते.

भीतीचे मापही घेतले गेले आहे. गोल्फमध्ये प्रत्येक होलसाठी फटक्यांची अपेक्षित संख्या ठरलेली असते, तिला पार म्हणतात. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी २०११ साली पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले. अंतर तेच असताना, पार राखण्यासाठीचा पट हा पारपेक्षा एक फटका वाचवण्यासाठीच्या पटापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी जास्त वेळा आत जातो. दोन्हींची किंमत एकच फटका. पण गमावण्याची भीती माणसाला कमावण्याच्या आशेपेक्षा अधिक नेटका बनवते. अव्वल व्यावसायिकही याला अपवाद नाहीत.

पटिंगला किती श्रेय द्यायचे?

इथे एक सावधगिरी हवी. शेवटचा पट सर्वांच्या डोळ्यांत भरतो, म्हणून विजयाचे सारे श्रेय पटिंगलाच दिले जाते. ब्रॉडी यांच्या हिशोबात अव्वल चाळीस खेळाडू इतरांपेक्षा जितके सरस ठरतात, त्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के. ग्रीनवर चेंडू आणणाऱ्या लांबच्या फटक्यांचा ४० टक्के. टोकियो ऑलिंपिक आठवावे. ऑगस्ट २०२१ मध्ये बंगळुरूची अदिती अशोक त्या आठवड्यात पटिंगमध्ये सर्वांत सरस होती आणि चेंडू लांब मारण्यात सर्वांत मागच्यांमध्ये. ती चौथी आली, पदकापासून एका फटक्याच्या अंतरावर. पटिंगने तिला तिथवर नेले. पटिंग एवढेच करू शकते, हेही त्याच निकालात दिसते.

ग्रीन कोणाला वाचता येते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हात लागतोच, पण एका पातळीनंतर सगळ्यांचेच हात पुरेसे चांगले असतात. उरलेला फरक अंदाजाचा : उतार किती, गवत कुठे झुकलेले, आज जमीन ओली की सुकी, आणि या सगळ्याला साजेसा वेग कोणता. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. त्याच जमिनीवर वर्षानुवर्षे चालून, दुसऱ्यांचे शेकडो चेंडू वळताना पाहून येतो.

हे ज्ञान असे मिळत असेल, तर ते सर्वांत जास्त कोणाकडे असेल? मैदानाचे सभासद आठवड्यातून एक-दोनदा येतात. कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे, आणि गवत कापणारे कामगार रोज त्याच हिरवळीवर असतात. नियमही खेळाडूला सल्ला घ्यायला परवानगी देतात ती त्याच्या कॅडीकडून. भारतीय गोल्फचा इतिहास याला साक्ष आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीचा माजी कॅडी. २००९ साली तीच स्पर्धा जिंकणारा बंगळुरूचा चिन्नास्वामी मुनियप्पा हाही कॅडीच होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया कोलकात्यातल्या मैदानावर हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा. त्यांना उपजत हात होता, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यांना जमीन मिळाली होती, मागच्या दाराने का होईना, हे सांगायचे राहून जाते.

‘हात बसलाय’ म्हणताना आपण कौशल्य माणसाच्या अंगात ठेवतो आणि ते घडायला लागलेली जागा, वेळ आणि संगत विसरतो. ज्या उपनगरांत मुलांना पळायला मोकळी जमीन उरलेली नाही, तिथे कॅरमपटू घडतात आणि गोल्फपटू घडत नाहीत, याचे कारण हातांत शोधण्यात अर्थ नाही. टीव्हीवर पुढच्या वेळी एखादी स्पर्धा लागली, तर फटक्याआधीची दोन मिनिटे पाहावीत. खेळाडू होलभोवती चालत असतो, उतार पावलांनी अजमावत असतो, शेजारी कॅडी खाली वाकून गवत पाहत असतो. पटिंगचा मोठा भाग तिथेच होऊन गेलेला असतो.