हातांना द्यावयाचे शिक्षण

जन्मतःच श्वास न घेणाऱ्या बालकास कृत्रिम श्वास देण्यासाठी परिचारिकेच्या हाती जेमतेम एक मिनिटाचा अवधी असतो. त्या वेळी पुस्तक उघडण्यास सवड नसते. शिकलेले सारे हातांत उतरलेले असावे लागते. म्हणूनच नोकरीत असलेल्यांना शिकवावे कसे, हा प्रश्न आरोग्यसेवेत जीवनमरणाचा ठरतो.

दक्षिण दिल्लीत मुनिरका येथे राष्ट्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण संस्था आहे. दोन जुन्या राष्ट्रीय संस्थांचे एकीकरण होऊन १९७७ साली ती स्थापन झाली. आरोग्यसेवेतील डॉक्टर, अधिकारी व प्रशिक्षक यांना शिक्षण देणे हे तिचे एक प्रमुख कार्य होय. अशा शिक्षणाची रूढ पद्धत व्याख्यानाची. व्याख्यानाने माहिती मिळते, पण हाताला वळण लागत नाही.

२०१५ साली या संस्थेत ‘दक्ष’ नावाची कौशल्य-प्रयोगशाळा सुरू झाली. प्रसूतीची व नवजात बालकाच्या शुश्रूषेची कामे तेथे मानवाकृती पुतळ्यांवर स्वतः करून शिकावयाची असतात. चुकले तरी कोणास इजा होत नाही. शिक्षक चूक तेथल्या तेथे दाखवितो व काम पुन्हा करवून घेतो. अशा कौशल्यांची परीक्षा घेण्याची एक रीत स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली मांडली. तीत परीक्षार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात एक काम करतो, आणि परीक्षक त्यातील पायऱ्या यादीवरून तपासतो.

आता असा प्रश्न उद्भवतो की, शिकलेले काम प्रसूतिगृहात टिकते काय? उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत याची कसोटी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत मार्गदर्शक आठ महिने भेटी देऊन, आवश्यक कृतींची यादी पाळण्यास कर्मचाऱ्यांना साहाय्य करीत होते. दोन महिन्यांनंतर तेथे सुमारे ७३ टक्के कृती पार पडत होत्या. इतर केंद्रांत ४२ टक्के. भेटी थांबल्यावर चार महिन्यांनी ७३ चे ६२ झाले. शिवाय, मृत्यूंच्या प्रमाणात दोहोंत फरक आढळला नाही. वर्तन सुधारले, एवढ्याने जीव वाचतोच असे नाही.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे खेड्यांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा करण्यास शिकविले गेले, जंतुसंसर्गावर द्यावयाची औषधे त्यांच्या हाती देण्यात आली आणि कामावर नियमित देखरेख ठेवली गेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या खेड्यांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले.

दोन्ही प्रयोगांची परिस्थिती भिन्न होती, हे खरे. तथापि शिक्षणाची आखणी करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : सरावाबरोबर साधने हवीत, आणि शिकणारा कामावर परतल्यानंतरही शिक्षकाने त्याच्याकडे जात राहिले पाहिजे. प्रमाणपत्र दिल्याने वर्ग संपतो. शिक्षणाची परीक्षा मात्र तेव्हाच सुरू होते.