तडजोडीचा तास

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गंमत अशी की, ज्यांना पुढे त्याच पायरीवर पोट भरायचे आहे, अशा मुलांना मी शिकवतो. आणि शिकवतो काय, तर पायरी न चढता भांडण कसे मिटवावे हे! कला शाखेच्या माझ्या वाचक मित्रांना हा उलटा उद्योग वाटेल. म्हणून त्याविषयी थोडे सांगावेसे वाटते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या नियमांनुसार 'पर्यायी वादनिवारण' हा विधी महाविद्यालयांत सक्तीचा प्रात्यक्षिक विषय आहे. त्यात चार शब्द आधी नीट वेगळे करावे लागतात. दोन्ही पक्ष आपसांत बोलून मार्ग काढतात, त्या वाटाघाटी. तिसरा माणूस बोलणे घडवून आणतो, पण निर्णय देत नाही, ती मध्यस्थी. तिसऱ्या माणसाने निवाडा द्यावा आणि तो उभयतांनी पाळावा असे ठरते, तो लवाद. चौथी लोकअदालत; तिला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान दिले. तिथे समेट झाला तर तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बळकट असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ जुलै २००२ पासून नव्या रूपात लागू झाले आणि न्यायालयच पक्षकारांना ह्या मार्गांकडे पाठवू लागले. पुढे २०२३ साली संसदेने मध्यस्थीसाठी स्वतंत्र अधिनियमही संमत केला.

ही झाली कलमे. ती पाठ करता येतात. वाटाघाटी मात्र पाठ करता येत नाहीत. म्हणून मी वर्गात एक खोटे भांडण लावून देतो. वडील वारले आहेत. मागे थोडी वडिलोपार्जित जमीन, एक विहीर, दोन भाऊ आणि लग्न होऊन परगावी गेलेली बहीण. प्रत्येक भूमिकेची एक चिठ्ठी असते आणि ती ज्याची त्यानेच वाचायची.

पहिली वीस मिनिटे ठरल्यासारखी जातात. थोरला म्हणतो, विहीर मी खोदवली, पाणी माझे. धाकटा म्हणतो, निम्मे पाणी माझे. दोघांमागे बसलेले भावी वकील आवाज चढवतात, कलमे फेकतात. मग कुणीतरी शहाणी मुलगी सहज विचारते, "पण तुम्हांला पाणी नेमके कोणत्या वारी हवे?" तेव्हा उलगडते की, धाकटा तालुक्याला शिक्षक आहे, शनिवारची दुपार आणि रविवार सोडला तर तो शेतावर येऊच शकत नाही. आणि थोरला रविवारी भाजी घेऊन बाजाराला जातो. त्या दिवशी त्याला मोटर चालू करायलाही सवड नसते! वार वाटून घेतले, विजेचे बिल आणि दुरुस्ती पाळीच्या प्रमाणात वाटली, की भांडण संपले.

ह्या विषयाचा पहिला धडा हाच. माणूस तोंडाने मागतो ती मागणी. ती का मागतो, ती त्याची गरज. मागण्या एकमेकींवर आदळतात, गरजा पुष्कळदा शेजारी शेजारी बसू शकतात. रॉजर फिशर आणि विल्यम युरी ह्यांनी १९८१ साली इंग्रजीत लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात हा विचार मांडला आणि पुढे तो जगभरच्या वर्गांत पोचला. त्यांचा दुसरा प्रश्न असा : बोलणे फिसकटले तर तुमच्या हाती उरणारा सर्वांत चांगला मार्ग कोणता? ज्याचा हा मार्ग भक्कम, तो निवांत बसतो. ज्याचा कच्चा, तो पडेल ते पदरात घेतो.

हा दुसरा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला तो मात्र पुस्तकातून नव्हे. एका वर्षी हाच प्रयोग फार रंगला. पाण्याचा प्रश्न सुटला, जमिनीचे दोन वाटे झाले, भावांनी हात मिळवले. शेवटी मध्यस्थ झालेला मुलगा कागद पुढे सरकवून म्हणाला, "ताई, इथे सही कर." ताईने सही केली. ते हक्कसोडपत्र होते. मी वर्गाला शाबासकी दिली आणि रिवाजाप्रमाणे चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला सांगितल्या. बहिणीच्या चिठ्ठीत लिहिले होते : मुलीच्या शिक्षणासाठी पैशाची निकड आहे, पण माहेर तुटता कामा नये.

वर्ग गप्प झाला. मी विचारले, "मग तू बोलली का नाहीस?"

"सर, मला कुणी विचारलेच नाही," ती म्हणाली. "आणि सगळे इतके खूश झाले होते की, मधेच बोलणे बरे वाटले नाही."

ती चिठ्ठी मीच लिहिली होती. तरीही समेट झाल्याच्या आनंदात मीही ती विसरलो होतो! मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली, तर साऱ्या देशाने २००५ साली दिला. म्हणजे कायद्याने तिच्या हातचा मार्ग भक्कम होता. पण त्या मार्गाची किंमत माहेर ही होती. कागदावरचा हक्क आणि तो मागण्याची हिंमत ह्यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हे त्या दिवशी त्या मुलीने आम्हां सर्वांना शिकवले.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. सहीपूर्वी मध्यस्थाने प्रत्येकाला एकटे भेटायचे आणि तीन गोष्टी विचारायच्या. तुमचा कायदेशीर हक्क किती, हे तुम्हांला ठाऊक आहे का? सही केली नाही तर काय होईल, असे वाटते? आणि हा समेट वर्षभराने तुम्हांला पटेल का? हे विचारण्याने वेळ जातो, जमत आलेले कधी मोडतेही. पण न विचारता केलेली सही म्हणजे तडजोड नव्हे. ती नुसती शांतता.

सर्वच वाद मिटवण्यासाठी नसतात, हेही मुलांना सांगावे लागते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेच अशा मार्गांना अयोग्य ठरणाऱ्या खटल्यांची जंत्री दिली. फसवणुकीचे, बनावट दस्तऐवजांचे गंभीर आरोप असलेले दावे आणि अज्ञानांसारख्या, ज्यांना न्यायालयाचे संरक्षण हवे, त्यांच्याविरुद्धचे दावे त्यात येतात.

त्याच वर्गाने पुढच्या आठवड्यात तो प्रयोग पुन्हा केला. एका गटात बहिणीचा वाटा तिच्या नावे राहिला; थोरल्याने तो खंडाने कसायचा आणि खंडाचे पैसे भाचीची फी भरण्याच्या वेळी पोचते करायचे, असे ठरले. दुसऱ्या गटात बोलणे फिसकटले आणि बहीण बनलेली मुलगी उठून म्हणाली, "मी वाटपाचा दावा लावते." दोन्ही गटांना मी सारखेच गुण दिले. दुसऱ्या गटाला वाटले, सरांची चूक झाली. चूक नव्हती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मला आजही पटते. पण ती पायरी तिथे आहे, आणि वेळ पडली तर आपल्याला ती चढता येते, हे ठाऊक असेल तरच दुबळा माणूस बोलणी करायला ताठ मानेने बसतो. माझ्या तासाला मुलांनी एवढे जरी शिकून घेतले, तरी पुष्कळ झाले.