स्मृतिभ्रंशग्रस्त ज्येष्ठांमधील मूत्र असंयम : कारणे व कौटुंबिक शुश्रूषा (शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसराळूपणा नव्हे. स्मरण, भाषा व दैनंदिन व्यवहार यांचा क्रमशः ऱ्हास घडविणारा तो मेंदूचा विकार होय. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्तींना तो जडलेला आहे. अशा रुग्णाचा लघवीवरील ताबा सुटला की घरच्यांचा धीरही खचतो. तथापि संकोचामुळे ही बाब डॉक्टरांना सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखात या समस्येची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

कारणमीमांसा :
योग्य स्थळ-काळापर्यंत लघवी रोखून धरण्याच्या क्रियेत मेंदूच्या ललाट खंडाचा मोठा वाटा असतो. स्मृतिभ्रंशात हे नियंत्रण दुबळे होते. अल्झायमर प्रकारात ही अवस्था बहुधा उशिरा येते. मात्र अनेकदा मूत्राशय शाबूत असतो. शौचालय कोठे आहे, लुगडे वा धोतर कसे सावरावे, हेच रुग्णास उमगत नाही. घोड व भीमा नद्यांकाठच्या वाड्यावस्त्यांवर शौचालय अंगणापलीकडे असल्यास रात्री ही अडचण दुणावते. याशिवाय मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अनियंत्रित मधुमेह, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ व काही औषधे ही उपचारयोग्य कारणे होत. त्रास अचानक सुरू झाल्यास तपासणी अगत्याची ठरते.

उपाययोजना :
1) दिवसा दर दोन तासांनी विचारून रुग्णास शौचालयात न्यावे व यश आल्यास कौतुक करावे.
2) वाटेवर रात्रभर दिवा, दारावर ठळक चित्र आणि सहज सुटणारी वस्त्रे असावीत.
3) पाणी तोडू नये, त्याने बद्धकोष्ठता व भ्रम वाढतात. केवळ झोपण्यापूर्वीचे पेय कमी करावे.
4) ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे स्मरणशक्तीस अपायकारक ठरू शकतात. उलट स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिलमुळे काहींना लघवीची घाई होते. म्हणून सर्व औषधे डॉक्टरांना एकत्र दाखवावीत.
5) डायपर वापरल्यास तो वेळेवर बदलून त्वचा कोरडी ठेवावी.

सामाजिक बाजू :
उसाची शेती, रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील पाळ्या वा दौंड जंक्शनवरील रेल्वेची नोकरी यांमुळे घरातील कर्ती माणसे बाहेर असतात. शुश्रूषेचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो. ‘मुद्दाम करतात’ या गैरसमजातून ज्येष्ठांची खाट पडवीत जाते आणि त्यांच्याशी बोलणेही खुंटते.

निष्कर्ष :
ही समस्या वार्धक्याचे अटळ प्राक्तन नसून अंशतः तरी सुधारण्याजोगी आहे. 2010-11 पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाची माहिती राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून घरोघरी पोहोचविणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. ज्येष्ठांची प्रतिष्ठा जपणे हाच या शुश्रूषेचा खरा हेतू होय.