फुटपाथवरचे पगारी डोळे

अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या डाउनटाउनमध्ये, म्हणजे कचेऱ्या, हॉटेलं, दुकानं आणि न्यायालयं जिथे दाटीवाटीने उभी असतात त्या भागात, सकाळी फेरफटका मारला की भडक रंगाचा शर्ट घातलेला एखादा माणूस हमखास भेटतो. कुठे शर्ट जांभळा, कुठे पिवळा, कुठे पोपटी. कमरेला वॉकीटॉकी, खिशात नकाशा आणि हातमोजे. अलीकडे त्यात नॅलोक्सोनची कुपीही आली आहे. अफूवर्गी नशेच्या अतिसेवनाने श्वास थांबत चाललेल्या माणसाच्या नाकात हे औषध फवारायचं असतं. पिस्तूल, दंडुका, बेड्या यांतलं काहीही त्याच्याकडे नाही. दंडाची पावती फाडायचीही सोय नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला सामान्य नागरिकापेक्षा काडीचाही जास्त अधिकार नाही.

त्याला ‘सेफ्टी ॲम्बॅसॅडर’ म्हणतात. तो पत्ते सांगतो, रात्री उशिरा कामावरून सुटलेल्या बाईला गाडीपर्यंत सोबत करतो, फुटलेल्या दिव्याची तक्रार नोंदवतो आणि दुकानाच्या दारात झोपलेल्या माणसाला उठवतो. या शेवटच्या कामाकडे पुढे यायचंच आहे. त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्याचा पगार बहुतेक ठिकाणी महापालिका देत नाही, पोलीस खातंही देत नाही. तो देतात त्या भागातल्या इमारतींचे मालक.

ही नोकरी निर्माण का झाली, हे कळायला १९६१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी जेन जेकब्ज यांचं अमेरिकी शहरांविषयीचं गाजलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं. जेकब्ज न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, हडसन रस्त्यावर राहत. रस्त्याची शांतता प्रामुख्याने पोलीस राखत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ती राखतात दार उघडं ठेवून बसलेला दुकानदार, खिडकीतून खाली पाहणारी माणसं, रात्री बारमधून घरी निघालेली गिऱ्हाइकं. यांपैकी कुणीही पहारा देत नसतं. जो तो आपापल्या उद्योगात असतो आणि तरी रस्त्यावर कुणाची ना कुणाची नजर असतेच.

पण जेकब्ज हे लिहीत होत्या तेव्हाच ही नजर हटायला लागली होती. महामार्ग झाले, मध्यमवर्ग उपनगरांत गेला, मॉल उभे राहिले. डाउनटाउनमध्ये उरल्या कचेऱ्या. संध्याकाळी कारकून गाडी काढून घरी गेला की मैलभर रस्त्यावर एक खिडकी उजळलेली दिसेना. फुकट मिळणारे डोळे गेले, तेव्हा पगारी डोळे ठेवायची कल्पना पुढे आली.

तिची पायाभरणी मात्र अमेरिकेत झाली नाही. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट भागातले दुकानदार १९६० च्या दशकात हवालदिल झाले होते. भुयारी रेल्वे सुरू झाली आणि ट्रामने दुकानांसमोरून जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागलं. शिवाय मॉलची स्पर्धा होतीच. रस्ता सजवावा, दिवे लावावेत, बाक टाकावेत असं सगळ्यांना वाटे, पण अडचण गणेशोत्सवाच्या वर्गणीची होती. पैसे चार जण देणार आणि रोषणाई सगळ्या गल्लीला मिळणार. त्यावर कायद्यानेच तोडगा काढला. हद्द आखायची, हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकाकडून महापालिकेने सक्तीने जादा कर वसूल करायचा आणि तो पैसा व्यापाऱ्यांच्याच मंडळाकडे खर्चासाठी सोपवायचा. ब्लूर वेस्ट व्हिलेज हे असं जगातलं पहिलं क्षेत्र १९७० मध्ये अस्तित्वात आलं. योगायोग असा की जेकब्ज न्यूयॉर्क सोडून १९६८ मध्येच टोरांटोला राहायला आल्या होत्या.

१९७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सने हा नमुना अमेरिकेत नेला. तिथे त्याला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, बोलताना नुसतं ‘बिड’. आज अमेरिकेत अशी हजाराच्या आसपास क्षेत्रं आहेत. एकट्या न्यूयॉर्क शहरात पंचाहत्तरच्या वर.

ॲम्बॅसॅडरला आजचं रूप देण्यात फिलाडेल्फियाचा वाटा मोठा. १९९० मध्ये हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. रस्ते झाडायला पैसे नव्हते, तिथे गस्त कोण वाढवणार? त्याच वर्षी सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट या बिडची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये काम सुरू झालं. पॉल लेव्ही तेव्हापासून २०२३ च्या अखेरपर्यंत त्याचे प्रमुख होते. एका खुर्चीवर तीन दशकं टिकणं राजकारण्यालाही सहसा जमत नाही! त्यांनी सफाई कामगारांच्या जोडीला गणवेशातले, निःशस्त्र ‘कम्युनिटी सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह’ रस्त्यावर उतरवले. व्यवस्थेतली खरी कल्पकता एका साध्या गोष्टीत होती. या लोकांची आणि त्या भागातल्या पोलिसांची सकाळची हजेरी एकाच छताखाली, एकत्र घ्यायची. काल कुठे गाड्या फुटल्या, कोणत्या कोपऱ्यावर भांडण झालं, हे दोघांनाही एकदमच कळे. हत्यार पोलिसाकडे आणि चालण्याचा वेळ या माणसाकडे, अशी वाटणी झाली.

नुसतं चालण्याने काय साधतं? याचं उत्तर फिलाडेल्फियाच्या आधी शेजारच्या न्यू जर्सीत मिळालं होतं. त्या राज्याने १९७३ मध्ये शहरांना पायी गस्तीसाठी पैसे दिले. कायद्याच्या नावातच ‘सुरक्षित आणि स्वच्छ’ हे शब्द होते. पुढे सगळ्या बिडनी हीच जोडी उलट क्रमाने घोषवाक्य म्हणून मिरवली. पोलीस फाउंडेशनने न्यूअर्क शहरात या गस्तीची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली आणि निष्कर्ष १९८१ मध्ये जाहीर केले. पायी गस्तीने गुन्हे कमी झाले नव्हते. लोकांची भीती मात्र कमी झाली होती. पुढच्याच वर्षी जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी ‘ब्रोकन विंडोज’ हा लेख लिहिला, त्याची सुरुवात याच चाचणीपासून होते. ‘अव्यवस्था दिसली की गुन्हा येतो’ हे त्या लेखाचं प्रतिपादन इतकं गाजलं की न्यूअर्कचा मूळ, जास्त प्रामाणिक निष्कर्ष मागे पडला.

न्यूअर्कच्या गस्तीसारखाच ॲम्बॅसॅडरही मुख्यतः भीतीवर काम करतो, आणि यात कमीपणा काही नाही. भीती वाटली की माणूस त्या रस्त्याने जात नाही, माणसं गेली नाहीत की रस्ता ओस पडतो आणि ओस रस्त्यावर खरोखरच लुटालूट होते. तरीही गुन्ह्यांवर परिणाम होतो का, हा प्रश्न संशोधकांनी सोडला नाही. रँड या संस्थेने २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या बिडचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे जबरी चोऱ्यांत सुमारे १२ टक्के आणि एकूण हिंसक गुन्ह्यांत सुमारे ८ टक्के घट बिडशी जोडता आली. २०११ मध्ये फिलिप कुक आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी तिथल्याच ३० बिडचा हिशेब मांडला आणि समाजाला होणारा फायदा खर्चापेक्षा बराच मोठा असल्याचं दाखवलं. आकडे भक्कम आहेत, पण लॉस एंजेलिसच्या अनेक बिडनी नुसते हसतमुख वाटाडे ठेवले नव्हते, चक्क सुरक्षारक्षक नेमले होते. पोपटी शर्टाचं कौतुक करताना हे आकडे सर्रास पुढे केले जातात, तेव्हा हा तपशील वगळला जातो.

भीती कुणाची, हा प्रश्न मग टाळता येत नाही. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाभोवतीचं बिड देशातलं सर्वांत दिमाखदार मानलं जाई. त्याचे प्रमुख डॅनियल बीडरमन ब्रायंट पार्कच्या कायापालटामुळे नावाजले होते. या बिडचा एक उपक्रम होता. बेघर माणसांनाच कामाचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांच्याकडून इतर बेघरांपर्यंत पोहोचायचं. कागदावर सुंदर. १९९५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आरोप छापले की यातली काही माणसं एटीएमच्या आडोशाला झोपलेल्यांना मारहाण करून हुसकावतात. केंद्रीय गृहनिर्माण खात्याने चौकशी केली आणि अनुदान थांबवलं. दुसरं प्रकरण मजुरीचं. प्रशिक्षणाच्या नावाखाली या लोकांना तासाला एक-दीड डॉलर मिळत होता, तेव्हा किमान वेतन ४ डॉलर २५ सेंट होतं. हे प्रशिक्षणार्थी नाहीत, कर्मचारी आहेत आणि त्यांना किमान वेतन मिळालंच पाहिजे, असा निकाल १९९८ मध्ये लागला. तो देणाऱ्या जिल्हा न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१९९८ मध्येच, त्याच बिडबद्दल आणखी एक निकाल लागला. त्याची चर्चा कमी झाली, पण परिणाम जास्त दूरगामी ठरला. हद्दीत राहणाऱ्या एका रहिवाशाने विचारलं होतं की मंडळावर इमारत मालकांचं बहुमत का? एक माणूस, एक मत हे तत्त्व इथे लागू नाही का? अपील न्यायालयाने बहुमताने सांगितलं, नाही. बिड म्हणजे सरकार नव्हे, त्याचे अधिकार मर्यादित आहेत आणि पैसे भरणाऱ्यांना जास्त वजन देणं गैर नाही.

कॅलिफोर्नियात तर मतं सरळ डॉलरमध्ये मोजतात. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार एकूण आकारणीच्या निम्म्याहून अधिक रक्कम भरणाऱ्या मालकांच्या सह्या मिळाल्या की बिडची प्रक्रिया सुरू होते. एका टॉवरचा मालक डझनभर छोट्या दुकानांच्या मालकांना भारी पडू शकतो. अशा तिजोरीतून पगार घेणाऱ्याच्या कामाची यादी कोण ठरवणार, हे उघड आहे. बर्कली विद्यापीठाच्या विधी शाखेने २०१८ मध्ये अहवाल काढला, त्याच्या नावातच बिडला ‘बेघरांना वगळणारी क्षेत्रं’ म्हटलं होतं. फुटपाथवर बसायला, झोपायला बंदी घालणाऱ्या कायद्यांसाठी बिड कसा पाठपुरावा करतात आणि त्यांची गस्त बेघरांना कशी पुढे ढकलते, याची जंत्री त्यात आहे. २०२४ च्या जूनमध्ये ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना शिक्षा करण्याची मुभा शहरांना दिली. तेव्हापासून ॲम्बॅसॅडरने वॉकीटॉकीवर केलेल्या एका निरोपाचं वजन वाढलं आहे. त्याच्याकडे बेड्या नाहीत हे खरं, पण ज्याच्याकडे आहेत त्याला तो बोलावू शकतो.

सॅन फ्रान्सिस्कोत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. शहराने २०१० मध्ये स्वतःचे निःशस्त्र ॲम्बॅसॅडर नेमले ते मालमत्तेसाठी नव्हे. आशियाई वृद्धांवर हल्ले झाले होते, कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्त्यांमध्ये तणाव होता, म्हणून दोन्हीकडच्या भाषा जाणणारी माणसं बसथांब्यांवर उभी केली. पुढे २०१८ मध्ये लीना मिलर यांनी ‘अर्बन अल्केमी’ ही संस्था उभारली. टेंडरलॉइनसारख्या बदनाम भागात ती ज्यांना पाठवते त्यांतले अनेक जण दीर्घ तुरुंगवास भोगून आलेले असतात. माथेफिरू झालेल्या माणसाच्या डोळ्यांतून पुढचा क्षण ओळखायला तुरुंगाइतकी कडक शाळा नाही, हा त्यामागचा तर्क. तो हास्यास्पद वाटू शकतो, पण ज्याला कुणी नोकरी देत नव्हतं त्याला भरवशाचं काम मिळतं आणि रस्त्यावरचा माणूस त्याचं ऐकतोही. धोकाही त्याच्याच वाट्याला येतो. पोलिसाच्या अंगावर चिलखत असतं, याच्या अंगावर शर्ट.

२०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि प्रत्येक हाकेला पिस्तूलधारीच कशाला, असं शहरं विचारू लागली. सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या बार्ट रेल्वेने त्याआधीच, फेब्रुवारीत, दहा निःशस्त्र ॲम्बॅसॅडरांपासून सुरुवात केली होती. लॉस एंजेलिस मेट्रोने २०२२ मध्ये सुमारे तीनशे जण नेमले. पगार सार्वजनिक तिजोरीतून, त्यामुळे मालकांच्या मर्जीचा प्रश्न इथे नाही. त्यांचं सर्वांत ठळक काम ठरलं डब्यात बेशुद्ध पडलेल्यांना नॅलोक्सोन देऊन वाचवण्याचं. नेमणूक करताना हे कुणी मुख्य काम म्हणून लिहिलं नसणार.

अधिकार नसणं ही या माणसाची ताकद आहे की उणीव? नेदरलँड्सचा अनुभव इथे बोलका आहे. दॉर्द्रेख्त शहराने १९८९ मध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्यांना नगररक्षक म्हणून रस्त्यावर आणलं. काम फक्त पाहणं, बोलणं, कळवणं. कल्पना देशभर पसरली. मग लोक म्हणू लागले, नुसतं पाहून काय उपयोग? हळूहळू त्यांच्या जागी दंड करू शकणारे अंमलदार आले. आता त्यांच्या संघटना संरक्षणासाठी दंडुका आणि मिरपुडीचा फवारा मागतात. दंडाचा अधिकार आला की समोरच्याचा राग येतो आणि राग आला की हत्यार लागतं. मुंबईकरांना दंडाच्या पावतीभोवती फिरणारं काम ओळखीचं आहे. महापालिकेच्या क्लीन-अप मार्शलांच्या योजनेत वसुलीतला वाटा कंत्राटदाराला मिळे, दांडगाईच्या तक्रारी येत, आणि अनेकदा बंद-चालू होऊन २०२५ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली. त्या मानाने फिलाडेल्फियाचा निःशस्त्र गस्तकरी तीस वर्षांहून जास्त टिकला, तो पावतीपुस्तक नसल्यामुळेच.

त्याच्या पगाराच्या मुळाशी मात्र आता भेग पडली आहे. करोनानंतर लोक घरून काम करू लागले, कचेऱ्यांचे मजले रिकामे राहिले, इमारतींच्या किमती उतरल्या. रस्ता ओस असताना पगारी डोळ्यांची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी ज्या मालमत्तेच्या जोरावर पगार निघतो ती घसरते. त्यात बिड हे कायमचं नसतं. कॅलिफोर्नियात पहिली मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, नूतनीकरण झालं तर दहा. मुदत संपत आली की मतपत्रिका टपालाने मालकांकडे जातात आणि भरलेल्या आकारणीच्या प्रमाणात मतं मोजली जातात. पुढची दहा वर्षं फुटपाथवर कोण असेल हे त्यातून ठरतं. भाड्याच्या गाळ्यातला चहावाला, दारात झोपणारा माणूस आणि त्याला उठवणारा ॲम्बॅसॅडर, या तिघांपैकी कुणाकडेही ते पाकीट येत नाही.