जुन्या बेसबॉल हातमोज्यांचे संग्रहण

जुन्या बेसबॉल हातमोज्यांचे संग्रहण हा बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या खेळांतील जुने चामडी हातमोजे मिळवणे, त्यांची ओळख पटवणे व ते जतन करणे या स्वरूपाचा छंद आहे. तो मुख्यत्वे अमेरिकेत रूढ आहे.

इतिहास

आरंभी बेसबॉलपटू उघड्या हातांनी चेंडू झेलत. १८७५ मध्ये चार्ल्स वेट याने हातमोजा वापरला. तो कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने त्वचेच्या रंगाचे चामडे निवडले होते. १८७७ मध्ये अल्बर्ट स्पाल्डिंग याने मात्र उघडपणे काळा हातमोजा घातला आणि ही लाज हळूहळू सरली. १९२० च्या सुमारास बिल डोक याच्या कल्पनेनुसार रॉलिंग्स कंपनीने अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी असलेला हातमोजा काढला. त्यामुळे चेंडू तळव्याऐवजी या खोबणीत झेलता येऊ लागला. १९५७ मधील विल्सन ए२००० या हातमोज्याने आधुनिक घडण रूढ केली.

ओळख व मूल्य

बोटांमधील जोडणी, जाळीचा प्रकार आणि चामड्यावरील ठसे यांवरून हातमोज्याचा काळ ठरवतात. एखाद्या खेळाडूच्या नावाचा ठसा म्हणजे तो हातमोजा त्याने वापरल्याचा पुरावा नव्हे. असे हातमोजे दुकानांत सर्रास विकले जात. १९९९ मध्ये बॅरी हॅल्पर संग्रहाच्या लिलावात लू गेरिग याचा हातमोजा साडेतीन लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकला गेला. याच संग्रहातून बेसबॉल हॉल ऑफ फेमने घेतलेली जो जॅक्सन याची जर्सी मात्र पुढे तपासणीत बनावट ठरली. म्हणूनच संग्राहक वस्तूच्या पूर्वेतिहासाला विशेष महत्त्व देतात.

जतन

दमट हवेत चामड्यास बुरशी येते, तर अति कोरड्या हवेत ते तडकते. जास्त तेल लावल्यास ते काळवंडते व ठसे पुसट होतात. मूळ वाद्या बदलल्यास हातमोजा वापरण्याजोगा होतो, परंतु काळनिश्चितीचा एक पुरावा नष्ट होतो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल व बेसबॉल खेळले जातात. शाळेचे हातमोजे सहसा जडसंग्रह नोंदवहीत नोंदले जातात आणि जीर्ण झाल्यावर निर्लेखित होतात. त्यामुळे जुने नमुने टिकत नाहीत. क्रीडासाहित्याच्या संग्रहाचे राज्यातील ठळक उदाहरण क्रिकेटचे आहे : पुण्यातील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते खुले झाले.